शालूचं नागपूरचं स्थळ

शाळेत नोकरी केलेल्या माणसाजवळ किस्से आपोआप साठतात. खडूची भुकटी पदरावर बसते तसे ते बसतात, घरी येऊन झटकले तरी थोडे उरतातच. सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवायला लागले. तिथल्या स्टाफरूमचे किस्से काढले तर चहा पुन्हा पुन्हा गरम करावा लागेल. म्हणून त्यातले कॉलेज बघण्याचे तेवढे सांगते.

*

आमचे हेडमास्तर काटेखाये सर. सगळे त्यांना बडे सर म्हणत. अंगानं अगदी किरकोळ, बडा होता तो आवाज. विषय जीवशास्त्र आणि वेड एकच, दहावी झालेली पोरं चांगल्या कॉलेजात पोचवायची.

एका वर्षी त्यांनी एक हुशार पोरगा नागपूरच्या एका कॉलेजात धाडला. का, तर माहितीपुस्तकावर इमारतीचा झकास फोटो होता! आठवड्याभरात पोरगा ट्रंक घेऊन परत.

"सर, फोटूतली बिल्डिंग हाय. पन थे हापिस हाय. आमचा वर्ग मांगं टिनाच्या शेडमंदी भरते!"

बडे सर असे तडकले की पलीकडच्या वर्गातली बेरीज थांबली. "पोरगी देतानी आपन घर पाहतो, पानी पाहतो, मानसं पाहतो. आन पोरगं देतानी नुसता फोटू पाहून देऊन राहिलो! मास्तर हावो का कोन हावो आपन?"

त्या दिवसापासून आमच्या शाळेत रीत पडली. निकाल लागला की मास्तरांनी जोडीनं नागपूर गाठायचं आणि कॉलेजं बघून यायची, स्थळं बघतात तशी. मुलींचं कॉलेज असलं तर सोबत बाईमाणूस हवं, म्हणून माझीही वर्णी लागली. घरी मी सांगायची, "उद्या स्थळ बघायला चालले." सासूबाई पहिल्यांदा दचकल्या, मग सवय झाली.

*

इंग्रजीचे गजभिये सर म्हणजे आमच्या स्टाफचा शो. कडक इस्त्री, डोळ्याला गॉगल, खिशाला दोन पेनं. ते आणि बडे सर एका मुलांच्या होस्टेलात जेवण कसं आहे ते बघायला गेले. तिथल्या मॅनेजरनं गॉगल बघितला, पेनं बघितली आणि ठरवूनच टाकलं की हे युनिव्हर्सिटीचे इन्स्पेक्शनवाले! लगेच पाट मांडले. गरम पुऱ्या, मसालेभात, वाटीभर श्रीखंड!

परत आल्यावर बडे सरांनी जाहीर केलं, "असं होस्टेल अख्ख्या विदर्भात नाई." शाळेतले दोन हुशार विद्यार्थी त्या कॉलेजात गेले.

दिवाळीत दोघं भेटायला आले. चांगलेच वाळले होते.

"जेवन कसं हाय रे?" बडे सरांनी विचारलं.

"सर, अख्खं होस्टेल इचारून राहिलं, तुमी आता पुन्ना कवा येता?"

"काहून?"

"तुमी आले का श्रीखंड भेटते म्हनतात!"

पुढच्या वर्षीपासून नियम झाला. गॉगल नाही, पेन नाही, मास्तर असल्याचं सांगायचं नाही. गजभिये सरांनी खिशातली पेनं काढून माझ्या हातात दिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, एकदम उघडं उघडं वाटून राहिलं!"

*

बघून आलेल्या कॉलेजांची तुलना स्टाफरूमच्या फळ्यावर व्हायची. वर कॉलेजांची नावं, बाजूला मुद्दे. पाणी, जेवण, लायब्ररी, स्कॉलरशिप वर्ष संपायच्या आत पोराच्या हातात पडते का. आणि शेवटी बडे सरांचा लाडका प्रश्न, एका बेडकावर किती पोरं?

प्रॅक्टिकलला बेडूक कापायचा असतो. बडे सर म्हणत, "एका बेडकाभोवती सहा पोरं असली तं एक पोरगं कापते, बाकीचे नुसते पाहुने! डॉक्टर कसे होतीन?" मोठ्या नावाच्या कॉलेजची त्यांना काडीची भीती नव्हती. थेट बेडकावर यायचे.

मार्क देणं माझ्याकडे, गणिताची म्हणून. एकदा भंडाऱ्याचं कॉलेज होस्टेलमध्ये नापास झालं. होस्टेलच नव्हतं त्या काळी, मी भोपळा दिला.

"ग्रेस द्या ना बाई, आपल्या जवळचं हाय."

"सर, जे मुळातच नाही त्याला ग्रेस कशी देऊ?"

"मंग पोरायले काहून देता?"

मी गुपचूप ग्रेस दिली.

*

आणि मग आली शालू रामटेके.

आमच्या शाळेतून बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये आलेली पहिली मुलगी. तिचा बाप तुळशीराम वरठीला रेल्वेत गँगमन. रोज सायकलनं जायचा, खांद्याला पाण्याची कॅनव्हासची छागल. बोलणं मोजकंच. निकालाच्या दिवशी शाळेत पेढे वाटले, तर तुळशीरामनं पेढा खाल्ला नाही, रुमालात बांधून घरी नेला.

आणि त्याच आठवड्यात शालूला स्थळ आलं, खरंखुरं! पवनीकडचा मुलगा, वनखात्यात नोकरीला, मागणं थोडं. तुळशीरामचं काही चुकत नव्हतं. मागं आणखी दोन मुली, शेजारीपाजारी सगळे म्हणत होते की असं स्थळ पुन्हा दारात येणार नाही. शालू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, मले डॉक्टर व्हाचं होतं." होतं! सोळा वर्षांची पोर, आणि होतं म्हणते!

मी बडे सरांना सांगितलं. त्यांनी टोपी चढवली आणि मला घेऊन तडक तुळशीरामचं घर गाठलं. खाटेवर बसले, पाणी प्याले, आणि रीतसर सुरुवात केली.

"तुळशीराम भाऊ, आमच्याजवळबी एक स्थळ हाय तुमच्या पोरीसाठी."

तुळशीराम सावरून बसला. "कोठचं?"

"नागपूरचं. घर मोठं हाय, नळाचं पानी हाय. पोरीच पोरी हायेत घरात, थ्यायची मालकीन कडक हाय."

"पोरगा काय करते?"

"पोरगा नाई. कॉलेज हाय."

तुळशीराम बघतच राहिला. आत चुलीपुढं बसलेल्या शालूच्या आईनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की रडू, मला कळलं नाही. तुळशीराम मात्र अगदी गंभीरपणे म्हणाला, "आन हुंडा?"

"थेच देऊन राहिले! फी माफ, जेवन माफ, वरून मेरिटची स्कॉलरशिप!"

"पाहू," तुळशीराम म्हणाला. "पन पाहाले मी सोता येईन."

*

तेवढ्यात आणखी एक भानगड झाली. नागपूरच्याच दुसऱ्या, फार नावाजलेल्या कॉलेजचे एक प्राध्यापक स्कूटरवरून थेट शहापुरात उतरले. मेरिटची मुलगी त्यांना हवी होती. म्हणजे आता मुलाकडचे आपल्या दारात!

बडे सर खुर्चीत ताठ झाले. मला म्हणाले, "बाई, पोहे सांगा." तुळशीरामलाही बोलावून घेतलं. प्राध्यापक आपल्या कॉलेजची कीर्ती सांगत होते. कोण कोण तिथं शिकून विलायतेला गेले, कोण मंत्री झाले. गजभिये सर तर इतके भारावले की त्यांनी पुन्हा खिशाला पेन लावलं.

बडे सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "प्रॅक्टिकलले एका बेडकावर किती पोरं?"

प्राध्यापक गोंधळले. "बेडूक? असतील आठ-दहा. गर्दी असते हो आमच्याकडे."

बडे सर दाराकडे वळून ओरडले, "बाई, पोहे राहू द्या, नुसता च्या आना!"

*

मग आम्ही तिघं, मी, बडे सर आणि तुळशीराम, एसटीनं नागपूरला गेलो. मुलींचं ते कॉलेज, मागं होस्टेल. तुळशीरामनं जे बघितलं ते आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं. खिडकीचे गज हलवून पाहिले, दाराची कडी आतून लावून पाहिली, नळ सोडून बंद करून पाहिला. खाटेवर बसून दोन्ही हातांनी दाबून पाहिली. बडे सरांचा जीव खालीवर.

जून महिना, पाऊस नाही, नागपूरचं ऊन. होस्टेलच्या रेक्टरबाईंनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून तुळशीरामपुढं धरला. त्यानं हात जोडले. घेतला नाही.

बाईंचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे कुणाचं वेगळं नाही. सगळ्या मुली एकाच माठातलं पाणी पितात."

त्या काळी या वाक्याचा अर्थ तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होता. मला मान वर करवेना.

"थे पाह्यलं मी बाई," तुळशीराम म्हणाला. "थे पाहूनच पोरगी देऊन राहिलो. पन पोरगी देल्ली का त्या घरचं पानी बाप पेत नाई. तिले लेकरू होयेपर्यंत पेत नाई. रीत हाय आमची."

रेक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बडे सरांकडे आणि बडे सरांनी छताच्या पंख्याकडे. स्थळ हा शब्द त्यांचाच ना!

बाहेर येऊन तुळशीराम झाडाखाली उभा राहिला आणि छागलीतलं पाणी गटागटा प्याला. पवनीवाल्यांना दुसऱ्या दिवशी निरोप गेला, "पोरगी देल्ली." त्यांनी विचारलं कुठं, तर म्हणे नागपूरले!

*

शालू बारावी झाली आणि नागपुरातच मेडिकलला लागली. होस्टेल बदललं, तुळशीरामची रीत बदलली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी डबा घेऊन जायचा, खांद्याला छागल. पोरीला डोळे भरून बघायचा आणि आपलं पाणी पिऊन परत यायचा. चहाही घ्यायचा नाही. मेडिकलच्या मुली त्याला छागलवाले बाबा म्हणायच्या. शालू एकदा माझ्यापुढं चिडली, "बाई, तुमी तरी सांगा ना बाबाले. उनाचा जीव जाईल त्याचा!" मी काय सांगणार? बडे सरांनी एकदा प्रयत्न केला होता. तुळशीराम म्हणाला, "सर, स्थळ तुमी आनलं. रीत मले पाळू द्या."

बडे सर पुढं रिटायर झाले. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. शालूचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि मी काही कामानं नागपूरला निघाले तर एसटीत तुळशीराम भेटला. डबा होता, छागल होती. केस पांढरे झाले होते. मीही त्याच्यासोबत मेडिकलला गेले.

शालू वॉर्डात होती. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. ऊन मी म्हणत होतं. कोपऱ्यात लाल माठ, त्यावर झाकण, झाकणावर ग्लास. तुळशीरामनं तिकडे पाठ केली होती.

दार उघडलं आणि शालू धावतच आली. ॲप्रन चुरगळलेला, कपाळावर घाम, तोंडभर हसू.

"बाबा! बाई! आज पह्यलं बाळंतपन केलं मी! सिस्टर नुसती बाजूले उभी होती. पोरगी झाली. असी जोरात रडली का काय सांगू!"

तुळशीरामनं खांद्यावरची छागल उतरवली, नीट बाकावर ठेवली आणि माठाकडे बोट केलं.

"मंग आन तं बेटा, पानी."