वायसरकाकांचं प्रेशर

आमच्या गल्लीतल्या प्लंबरला सगळे वायसरकाका म्हणतात. नळ गळो, बायकोचा गुडघा दुखो की जावई रुसो, त्यांचं निदान एकच: "वायसर गेलाय."

त्यामुळे ब्लडप्रेशर वाढल्याचं कळल्यावर ते मुळीच घाबरले नाहीत. प्रेशर म्हणजे घरचाच विषय. डॉक्टरीणबाईंनी लघवीवाटे जास्तीचं पाणी काढणारी गोळी दिली आणि काकांनी पुढचं स्वतःच ताडलं. टाकीत पाणी कमी, तर नळाला जोर कमी. त्यांनी पाणी पिणंच जवळजवळ सोडलं.

"अहो, ओठ फुटलेत तुमचे," काकू म्हणाल्या.

"तुला पाइपातलं काय कळतं?"

पाचव्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर टाकीत डोकावून ते सरळ उभे राहिले, तोच डोळ्यांपुढे अंधारी आली. मटकन खाली बसले. गच्चीची कड त्यांच्यापासून हातभरच लांब होती.

दवाखान्यात काकू त्यांची हत्यारांची पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या.

"काका, गोळी पाणी बाहेर काढणार, तुम्ही आत येऊ देणार नाही, मग उरणार काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर बिचारं चार दिवस झटत होतं. तहान लावत होतं, किडन्या पाणी अडवत होत्या, रक्तवाहिन्या स्वतःला आवळून दाब टिकवत होत्या. शेवटी दमलं."

"म्हणजे टाकीत पाणी आपोआप राखतो तसा बॉलकॉक आत आहे?"

"आहे. अन् तुम्ही त्याच्याशी भांडत होतात. कमी करायचंय ते मीठ. मीठ पाणी धरून ठेवतं. पाणी तहानेप्रमाणे प्या."

"अन् हे सगळं सुट्टी न घेता चालतं?"

"एक दिवसही सुट्टी नाही."

चाळीस वर्षांत इतका इमानदार कारागीर काकांना भेटला नव्हता, आणि भेटला तो स्वतःच्याच पोटात.

आठ दिवस शिडी बंद. घरी जेवताना काकांनी पाहिलं, काकूंच्या ताटातही तेच अळणी.

"तू तरी मीठ घे की."

"कड किती लांब होती, ते सांगितलंय मला गिऱ्हाइकाने," काकू खाली बघत म्हणाल्या. "जेवा."

काकांनी मान खाली घातली, भांडंभर पाणी संपवलं आणि भाजी पुन्हा वाढून घेतली. "झकास झालीय," म्हणाले. लग्नानंतर इतकं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलले असावेत.