नाकारलेली बरोबरी

अण्णा नगरच्या आमच्या घराचा वरचा मजला मी एका पोलिश बुद्धिबळपटूला भाड्याने दिला होता. जवळच्या एका क्लासने मुलांना शिकवायला त्याला चेन्नईला आणलं होतं. चाळिशी उलटलेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला. पोरवयात तो त्याच्या देशाचा ज्युनियर विजेता होता. पुढे इंटरनॅशनल मास्टर झाला आणि तिथेच अडकला. ग्रँडमास्टर व्हायला आणखी एक स्पर्धा चांगली जायला हवी होती. ती काही केल्या जाईना.

संध्याकाळी तो माझ्याकडे कॉफीला यायचा. मी बँकेतून निवृत्त झालेली, घरात एकटीच. डायनिंग टेबलावर जुने डाव मांडून तो मला सांगायचा, "आंटी, इथे घोडा मागे घेतला असता तर..." मला सोंगट्या चालवण्यापलीकडे काही कळत नसे, पण तो 'तर' मात्र नीट कळायचा.

मग शहरात मोठी स्पर्धा आली. "ही शेवटची," म्हणून त्याने नाव घातलं. सुरुवातीचे डाव जिंकला. जिन्यावर शीळ ऐकू येऊ लागली. शेवटून दुसऱ्या फेरीत समोर आली ती त्याचीच विद्यार्थिनी, अंबत्तूरची शाळकरी मुलगी. मी बघायला गेले होते. बराच वेळ खेळ चालल्यावर तिने हळूच काहीतरी विचारलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं. त्यानंतर थोड्याच वेळात त्याने हार मानून घड्याळ थांबवलं, तिच्याशी हात मिळवला आणि उठला. जिंकूनही ती खाली मान घालून बसून राहिली.

रिक्षात मी विचारलं, "काय म्हणत होती ती?"

"बरोबरी करू या म्हणाली."

"मग घ्यायची होती ना."

"ती जिंकत होती, आंटी. तिला ते दिसत होतं. तरी विचारलं तिने."

शेवटची फेरी तो खेळायला गेलाच नाही. क्लासमध्ये पालक दुसरा शिक्षक मागू लागले, आणि क्लासने त्याला कळवलं की पुढच्या वर्षी गरज नाही. ऐन मे महिन्यात तो पंखाही न लावता पडून राहायचा. मी रसमभात वर पाठवायचे, ताट अर्धंअधिक तसंच परत यायचं. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाला, "मी आजारी नाही. संपलोय फक्त."

जूनमध्ये तो परत गेला.

मागच्या डिसेंबरात त्याचा फोन आला. आता तो तिकडे पार्सलच्या गोदामात काम करतो.

"खेळता का अधूनमधून?"

"नाही."

"घरी, एकटे तरी?"

"पट मांडला की तोच डाव मांडला जातो. मग उचलून ठेवतो."

तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला हाक मारली. जेवणाची सुट्टी संपली होती. त्याने फोन ठेवला. नंतर मी बऱ्याचदा लावून पाहिला. लागत नाही.