दसरूभाऊंची मोहाची ढेप

जेवायला बसण्याआधी दसरूभाऊ दोन्ही तळवे नाकाशी नेत आणि तोंड वाकडं करत. "हा वास आंघोळीले भेत नाई, बापा!" हे त्यांचं रोजचं वाक्य. हिवतापाच्या फवारणी पथकात आम्ही बरोबर होतो. नागभीडकडची गावं आमच्याकडे. दिवसभर भिंतींवर डीडीटी मारली की तिचा वास हातांना असा चिकटायचा की राख, चिंच, लिंबू, कशालाच दाद देत नसे.

आम्हा इतरांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण दसरूभाऊंना तान्ही लेक होती आणि त्यांनी उचललं की ती रडून आकांत करायची. पहिला मुलगा आजोळी हिवतापानं गेलेला, म्हणून काम सोडायचं ते नावही काढत नसत. एरवी इतका बोलघेवडा माणूस, लेकीचा विषय निघाला की फवारणीचा पंप पुसत बसायचा. मला तेव्हा त्यांची फार माया यायची.

एका उन्हाळ्यात त्यांच्या सासुरवाडीची पाळी आली. बायको आणि लेक तिथंच होत्या. पोचल्या दिवशीच दसरूभाऊ मोहाची ढेप घेऊन सासऱ्यांच्या बोडीवर, त्यांच्या छोट्या तळ्यावर गेले. मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेल्या या ढेपेनं आमच्याकडे बाया डोकं धुतात. हात खसाखसा चोळले आणि वास गेला! लेक चक्क मांडीवर झोपली. स्वारी अशी खूश, की ढेपेचं गाठोडं बोडीच्या आटलेल्या पाण्यातच राहिलं. ढेपेनं मासे गुंगतात हे ढिवराच्या, मासेमाराच्या पोराला कुणी सांगायचं?

सकाळी बोडीत मासे उलटे तरंगत होते. "हात धुतले बोडीत, सरकारी दवाईनं मारले!" म्हणत गावानं आम्हाला वेशीवरच अडवलं. एकही घर फवारू देईनात.

"दवाई नाई, मामाजी. माही ढेप राह्यली पाण्यात," दसरूभाऊ सासऱ्यांना म्हणाले.

"ढिवर होऊन बोडीत ढेप विसरले? नोकरीसाठी खोटं कायले बोलून राह्यले, जवाईबापू?"

दसरूभाऊ पाण्यात उतरले. तरंगता मासा उचलून आणला, तिथंच काटक्यांवर भाजला. ढेपेनं गुंगलेला मासा खाता येतो, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. "दवाईचा असता तं खाल्ला असता का मी? माही पोरगी हाये तुमच्या घरी. फवारल्याबिगर मी जात नाई."

त्यांनी मासा पुरा खाल्ला. सासरे समोर बसून बघत राहिले. मग उठले, धोतरानं डोळे पुसले.

"चला," ते म्हणाले. "नातू गेला त्या खोलीपासून सुरू करा."

ती खोली दसरूभाऊंनी एकट्यानं फवारली. आम्हा कुणालाही आत येऊ दिलं नाही.