मुक्ताची चार दिवसांची रजा आणि माझं स्नोबोर्डिंग

मला स्नोबोर्डिंग येत नाही, ही गोष्ट मी आमच्या घरात सोळा महिने कोणालाही कळू दिली नव्हती.

लपवायला फार कष्ट पडले असंही नाही. आम्ही राहतो सिडनीतल्या गिरावीनला. तिथे बर्फ फक्त फ्रीजरमध्ये सापडतो! झालं असं, की आम्ही जपानला जायचं ठरवलं. होक्काइदोचा तो पिठासारखा भुसभुशीत बर्फ, त्यावरून सळसळत उतरणारी माणसं... एका रविवारी हे सगळं टीव्हीवर बघताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, युनीत असताना भरपूर केलंय मी हे."

खरं तर युनीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, ट्रिपला मी बोर्डवर अर्धा तास होतो. त्यातली पंचवीस मिनिटं बसलेलो होतो. उरलेले दोन दिवस पाय मुरगळल्याचं सांगून कॅफेत काढले होते. (पाय मुरगळला नव्हता.)

"मग तूच शिकव ना आम्हाला!" मुक्ता कौतुकाने म्हणाली. मुक्ता म्हणजे माझी बायको. आणि लग्नाला चौदा वर्षं झालेल्या माणसाला बायकोच्या आवाजात असं कौतुक ऐकू आलं, की खरं बोलणं अवघड जातं!

मग कोविड आला, सीमा बंद झाल्या आणि जपान राहिलं. पण ज्या माणसाला जपानला जाताच येणार नाही, त्याने जपानबद्दल किती बोलावं याला काही धरबंद राहत नाही. मी बोर्ड आणि बूट आधीच घेऊन ठेवले होते. घरून काम सुरू झाल्यावर, बूट पायाला सरावावेत म्हणून मी ते घालून ऑनलाइन मीटिंगला बसायला लागलो. फोनवरच्या अ‍ॅपवरून जपानी शिकलो. हॉलमधल्या गालिच्यावर बोर्ड टाकून मुक्ताला आणि आमच्या बारा वर्षांच्या इराला गुडघे किती वाकवायचे यावर व्याख्यानं दिली.

"बाबा, बट हॅव यू अ‍ॅक्चुअली डन धिस?" इराने एकदा विचारलं.

"युनीत," मी दूर क्षितिजाकडे बघत म्हणालो. (क्षितिजावर शेजाऱ्यांची कपडे वाळत घालायची तार होती.)

मुक्ता वेस्टमीडला आयसीयूत नर्स. त्या काळात ती घरी यायची तेव्हा नाकावर मास्कचा लालभडक वळ असायचा. ड्राइव्हवेत गाडी लावून दहा मिनिटं नुसती आतच बसून राहायची, मग घरात पाऊल टाकायची. मी खिडकीतून बघायचो आणि चहा ठेवायचो. त्यापलीकडे काय करावं ते मला कळायचं नाही. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सिडनी पुन्हा बंद पडायच्या आधी, तिला सलग चार दिवस रजा मिळाली तेव्हा मी जाहीर केलं, "जपान नाही तर नाही, आपण स्नोई माउंटन्सला जायचं!"

"मला झोपायचंय रे," मुक्ता म्हणाली.

"तिथे झोप!"

"बर्फात?"

पण ती आली. त्या आठवड्यात तिकडे भरपूर बर्फ पडला होता. तो ढीग बघून इरा किंचाळली, मुक्ता हरखली आणि मी क्लासची पाटी शोधायला लागलो.

पहिल्या दिवशी मी मोठ्या मनाने एक क्लास लावला. "तुमच्यासाठी हं. मी आपला सोबतीला," असं सांगून मीही रांगेत उभा राहिलो. शिकवायला होत्या हारुकोसान. साठीच्या, पाच फुटांच्याही आत, मूळच्या होक्काइदोच्या. दरवर्षी दोन्हीकडच्या हिवाळ्यात शिकवायच्या आणि सीमा बंद झाल्यामुळे इकडेच अडकल्या होत्या. त्या बोर्डवर उभ्या राहिल्या, की त्यांच्या पायाखालचा उतार जणू आपोआप नीट व्हायचा. मी टीव्हीवर पाहिलेलं सगळं जपान त्या बाईंच्या दोन गुडघ्यांत होतं!

त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "जिकडे जायचंय तिकडे बघा. जिकडे बघाल तिकडेच जाल." मुक्ताने उताराखाली बघितलं आणि ती खाली गेली. इराने डावीकडे बघितलं, ती डावीकडे गेली. मी कुंपणाकडे बघितलं.

दुसऱ्यांदा निघताना वेग वाढला आणि मी घाबरून ओरडलो, "कवाई! कवाई!" म्हटलं, निदान माझं जपानी तरी कळू दे बाईंना. हारुकोसान हसल्या आणि त्यांनी कमरेत वाकून माझे आभार मानले. नंतर समजलं, की 'भीती वाटते' याला जपानीत 'कोवाई' म्हणतात. 'कवाई' म्हणजे 'किती गोंडस'! मी संपूर्ण उतार एका साठीच्या बाईंना, बायकोच्या देखत, गोंडस गोंडस म्हणून ओरडत उतरलो होतो.

मुक्ता मात्र दिवसभर पडत होती आणि उठत होती. ना कुरकुर, ना रुसवा. पडली की "का पडले?" एवढंच विचारायची, हारुकोसान दोन शब्दांत सांगायच्या, आणि ती पुढच्या वेळी त्या कारणाने पडायची नाही. नवं कारण शोधून पडायची. मी जुन्याच कारणाने अकरा वेळा पडलो. (इराने मोजलं होतं.)

"तुला येत होतं ना रे?" संध्याकाळी मुक्ताने विचारलं.

"इथला बर्फ वेगळा आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खरं तर गप्प बसायचं. पण नाही! "आज क्लास नको, मी आहे ना," असं म्हणून मी दोघींना थेट वरच्या चेअरलिफ्टवर बसवलं. वरून उतार सोपाच आहे असं पाटीवर लिहिलेलं होतं. पाटीवर धुक्याचा उल्लेख नव्हता. लिफ्टवरून उतरताना मी आडवा झालो, त्यामुळे लिफ्ट थांबली आणि मागचे चाळीस-पन्नास लोक हवेत लटकत राहिले. "नो वरीज, मेट!" वरून कोणीतरी ओरडलं. मुक्ता आणि इरा माझ्या दोन बाजूंनी अलगद उतरून गेल्या.

"माझ्या मागून या!" मी उठून रुबाबात म्हणालो आणि निघालो. शंभरेक पावलांवर धुक्यातून एक झाड पुढे आलं. मी त्याच्याकडे बघितलं.

पुढचं आठवतं ते असं, की आभाळ पायाशी होतं. झाडाच्या बुंध्याशी साठलेल्या मऊ बर्फात मी कमरेपर्यंत उलटा रुतलो होतो आणि बोर्ड पायांना घट्ट आवळलेला, वर हवेत. लागलं काहीच नव्हतं. पण नाकातोंडात बर्फ, हाताला आधार नाही, आणि हलावं तर अजून खाली! हसू येण्यासारखी वेळ नव्हती ती. क्षणभर मी खरंच घाबरलो.

तेवढ्यात आवाज आला. "हलू नकोस. मी आलेय."

हा माझ्या ओळखीचा आवाज नव्हता. म्हणजे मुक्ताचाच होता, पण घरातला नव्हे. शांत, बेताचा, जराही घाई नसलेला. सोळा महिने कित्येक अनोळखी माणसांनी भीतीच्या ऐन क्षणी हाच आवाज ऐकला असणार. मी हलायचा थांबलो. तिने आधी दोन्ही हातांनी माझ्या तोंडापुढचा बर्फ उकरला, मग बोर्डाचे पट्टे सोडले, मग इराच्या मदतीने मला सरळ केलं.

"मान दुखतेय? बोटं हलव. तुझं नाव सांग."

मी सांगितलं.

"आज वार कुठला?"

आता सोळा महिने घरून काम केलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? "मंगळवार," मी ठोकून दिलं.

मुक्ताचा चेहरा बदलला. "शनिवार आहे. पंतप्रधान कोण?"

"कुठले?"

"इरा, मॅपवर स्की पॅट्रोलचा नंबर आहे, फोन लाव. बाबा कन्फ्यूज्ड आहे."

"आई, ही इज ऑलवेज लाइक धिस."

"तरी लाव!"

दहा मिनिटांत पॅट्रोलची टेस नावाची मुलगी जखमींना न्यायची घसरगाडी घेऊन हजर झाली. मला काही झालेलं नाही असं मी तीनदा सांगितलं. डोक्याला मार लागलेले सगळे असंच सांगतात, असं मुक्ताने टेसला सांगितलं. मला ब्लँकेटात गुंडाळून, वळकटी बांधतात तसं पट्ट्यांनी आवळून आडवं केलं आणि वरात निघाली. डोक्यावर चेअरलिफ्ट. प्रत्येक खुर्चीतून लोक काळजीने हात हलवत होते. मीही हलवला असता, पण हात बांधलेले होते.

मग धुकं जरा फाटलं, आणि मान वळवून मी बाजूला बघितलं.

मुक्ता येत होती. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. एकदा पडली, उठली, अंगावरचा बर्फही न झटकता निघाली. कालपर्यंत बोर्डवर पाय न ठेवलेली ही बाई माझ्या गाडीच्या बरोबरीने, धुक्यातून, तो सबंध उतार उतरत होती. नाकावर ओढलेला गळपट्टा खाली सरकला होता आणि ती चक्क हसत होती. मोठ्याने. मागून इरा ओरडत होती, "आई, यू आर सो गुड!" मला वाटलं, होक्काइदोला जाऊन मी याहून चांगलं काय बघणार होतो? त्या वळकटीत, पाठीवर पडल्या पडल्या, माझे डोळे भरून आले. पुसायची सोय नव्हती.

"युअर वाइफ्स अ नॅचरल," टेस म्हणाली.

"आय टॉट हर," मी म्हणालो.

"ओह, ही इज कन्फ्यूज्ड," टेस मुक्ताकडे बघून म्हणाली.

खाली फर्स्ट-एडच्या खोलीत डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला, मान तपासली, वार विचारला. (शनिवार! आता पाठ होता.) काही झालेलं नाही, ठणठणीत आहे, असं सांगून त्यांनी मला सोडलं. मुक्ताने मोठा श्वास सोडला. "घाबरवलंस रे," म्हणत तिने माझा हात घट्ट धरला. म्हटलं, हीच वेळ आहे.

"मुक्ता, मला स्नोबोर्डिंग येत नाही. कधीच येत नव्हतं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. युनीतल्या त्या ट्रिपचे फोटो आहेत आपल्याकडे. प्रत्येक फोटोत तू कॅफेत आहेस."

"मग बोलली का नाहीस?"

"सोळा महिने घरी आल्यावर दुसरं हसण्यासारखं काय होतं मला?"

मी ताठ मानेने उठलो, दोघींना "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच" म्हणालो, दाराबाहेरच्या ओल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि सपशेल पडलो. मनगट सुजून टम्म!

टेसला पुन्हा यावं लागलं. या वेळी खरी दुखापत होती, म्हणजे रीतसर फॉर्म भरणं आलं. तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. 'दुखापत झाली तेव्हा कोणता क्रीडाप्रकार चालू होता' या ओळीत स्कीइंग आणि स्नोबोर्डिंग या दोन्हींवर काट मारून टेसने सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'चालणे'. आणि त्याखाली 'कौशल्याची पातळी' अशी ओळ होती. ती मुक्ताने भरली: 'नवशिका'.