भाकरी ऐकणाऱ्या अक्का

अक्का भाकरी कानाला लावून बघायच्या. मान तिरकी करून नखानं टकटक करायच्या आणि खणखणीत आवाज आला तरच ती टोपलीत ठेवायच्या. लग्न होऊन उदगीरहून मी गुलबर्ग्याकडच्या या टेकडीवरच्या गावात आले, तेव्हा मला वाटलं, म्हातारीचं डोकं जरा फिरलंय.

गाणगापूरला चालत जाणाऱ्यांची वाट आमच्या गावावरून जायची. चढ चढून माणसं भुकेली यायची आणि गावात साधं चहाचं हॉटेल नव्हतं. अक्कांनी वाटेवरच्या तीन गावांतल्या बायका जमवून कामं वाटून दिली होती. पायथ्याच्या गावानं ताक विकायचं, पलीकडच्या गावानं मुक्कामाची सोय करायची आणि आम्ही कडक भाकरी अन् शेंगाची चटणी विकायची. दर पौर्णिमेला सहा घरांची पाळी असायची. सगळ्यांच्या भाकऱ्या एकाच टोपलीत जायच्या. "टोपलीत पडली की भाकरी गावाची," असं अक्का म्हणायच्या. मात्र ज्या घरची भाकरी वाटेत बुरसली, त्या घरची पाळी वर्षभर बंद, हा नियमही त्यांचाच.

रागावल्या की त्या कानडीत बोलायच्या आणि समजूत काढायची झाली की मराठीत. त्यामुळे पहिले सहा महिने मला त्या फार प्रेमळ वाटल्या.

आमच्या घरचं तेल-मीठ आणि सासूबाईंचं दम्याचं औषध पाळीच्या पैशांवरच चालायचं. पण भाकरी चुलीशी उभी करून वाळवत बसायचा मला भारी कंटाळा. एका पौर्णिमेला अक्कांचा कान ठणकत होता. डोक्याला फडकं बांधून त्यांनी स्वतःच्या भाकऱ्या थापल्या, पण ऐकणार कशा? मी माझ्या अर्धवट वाळलेल्या भाकऱ्या गुपचूप टोपलीत सरकवल्या.

तिसऱ्या दिवशी परतीची माणसं अक्कांच्या दारात आली. फडक्यात चार हिरवट भाकऱ्या होत्या. सहाही घरच्या बायका गोळा झाल्या. पाळी गेली तर सासूबाईंना काय सांगणार होते मी? अक्कांनी भाकरी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही माझ्या चुलीची हाय. माझी पाळी बंद." त्या माणसांना ताज्या भाकऱ्या देऊन त्यांनी हात जोडले. मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढचं वर्षभर आमच्या पाळीला अक्का माझ्या चुलीपाशी येऊन बसत. "मला घरी काम न्हाई, म्हणून आले," म्हणत. मी भाकरी घाईनं उचलायला गेले की हात धरत. "राहू दे की. माणसाला दोन दिवस चालायचंय तिच्यावर." हळूहळू माझ्या भाकरीलाही आवाज यायला लागला.

पुढं गावात बस आली. चालणारे कमी झाले, पण भाकरीसाठी बसमधूनही लोक उतरायला लागले. अक्का मात्र थकल्या आणि सोलापूरला लेकीकडं राहायला निघाल्या. थांब्यावर मी त्यांची पिशवी धरून उभी होते. बस दिसली आणि इतक्या वर्षांचं तोंडाबाहेर पडलं.

"अक्का, त्या बुरसलेल्या भाकऱ्या माझ्या होत्या."

"ठाऊक हाय की. गावात तेवढी जाड भाकरी दुसरं कोण थापायचं?"

"मग तवाच बोलला न्हाईत कामून?"

"बोलले असते तर तुझी पाळी बंद झाली असती. मग भाकरी कवा शिकली असतीस?"

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, गालावरून हात फिरवला आणि बसमध्ये चढल्या. बस वळणाआड गेल्यावर मी रस्त्यातच बसून रडले. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती आणि पाळी आमची होती, म्हणून मग उठले.