रक्त की संगत, आईनं आज निकाल दिला

मंडळी, आज माझा लय जळफळाट झालाय, म्हणून इथं लिहायलेय.

मी परभणीत कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. सकाळी वर्गात जुनाच वाद घेतला होता. माणूस घडतो तो आनुवंशिकतेनं की परिस्थितीनं? दरवर्षीसारखी मी परिस्थितीची बाजू ठासून मांडली. पोरांना पटलं.

दुपारी झरीला माहेरी गेले. दारातच चुलीकडून आईचं हसू ऐकू आलं. आत बघते तर हसत होती वहिनी. आईसारखीच एक पाय दुमडून बसलेली, आईसारखंच स्वतःशी पुटपुटत भाकरी थापणारी. तव्यावरची भाकरीसुद्धा तशीच नुसत्या बोटांनी उलटायलीय. नवी नवरी होती तेव्हा तिला धड पीठ मळता येत नव्हतं.

जेवताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "लेक कोण अन् सून कोण, वळखूच येईना."

माझ्या भाकरीला अजून चिरा पडतात. सकाळी ज्या परिस्थितीला मी जिंकवलं, तीच घरात जिंकलेली मला बघवेना.

शेवटी विचारलंच, "आई, मग मी तुझ्यासारखी कशात हाय?"

आई ताकाचा तांब्या पुढं सरकवत म्हणाली, "तू तुझ्या बापावर गेलीस. दुसऱ्याचं कौतुक ऐकलं की त्यांच्याबी असंच पोटात दुखायचं."

वहिनी हसली. पुन्हा तेच, आईचं हसू.

आता उद्या वर्गात कोणती बाजू घेऊ, तुमीच सांगा.