न्हाय आबा, तुमी व्हा फुडं

नव्वदच्या दशकात मॅरेथॉनच्या सरावासाठी मी बावड्यात रोज कालव्याच्या रस्त्यानं पळायचो. शेजारचे आबा ट्रॅक्टर थांबवायचेच.

"बस की मागं. पाय कशाला झिजवतुयास?"

"न्हाय आबा, तुमी व्हा फुडं."

रोज तेच. मी चिडायचो, पण आबा काही थांबायचं सोडत नव्हते.

पुढं जर्मनीतल्या शर्यतीत, शेवट जवळ आला असताना पायांत गोळे आले. दमलेल्यांना उचलणारी गाडी शेजारी थांबली. ड्रायव्हरनं दार उघडलं. तोंडून आपसूक निघालं, "न्हाय आबा, तुमी व्हा फुडं."

तो हसून गेला. मी लंगडत का होईना, शर्यत पुरी केली.

गळ्यात पदक घालून गावात उतरलो, तर स्टँडवर आबा ट्रॅक्टर घेऊन हजर.

"आता तरी बसशील का?"

बसलो. आणि गावभर मिरवलो.